कोंडवाड्यातला डबा

आमच्या हॅझलकोटमध्ये नीटनेटक्या गावाच्या स्पर्धेचे परीक्षक येतात त्या दिवशी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मिसेस हॅविलंड आदल्या आठवड्यात घरोघरी चिठ्ठी टाकतात, 'आपल्या सगळ्यांच्या गावासाठी' म्हणून. सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. हिवाळ्यात संध्याकाळी चर्चपासून पुलापर्यंत चालत गेलं तर दिवा लागलेली जेमतेम चार घरं दिसतील, त्यातलं एक माझं. बाकीची शनिवार-रविवारची. मालक लंडनहून येतात, दारातल्या कुंड्या जरा इकडच्या तिकडे करतात आणि परत जातात. कुंड्यांना पाणी घालायला माणूस ठेवलेला असतो.

मी बेरिल पिचर. जन्म इथला, लग्न इथलंच, आणि नवऱ्याला पुरलं तेही इथेच. डेसने उभी हयात खाणीत दगड काढला. आमच्या घरांच्या ज्या मधाच्या रंगाच्या दगडाचे फोटो काढायला बसगाड्या भरून माणसं येतात, त्याच दगडाची भुकटी छातीत घेऊन तो घरी बसला. फोटोत भुकटी दिसत नाही.

डब्यांचा नाद त्याला त्याच्या बराच आधी लागलेला. खेळ साधा आहे. कोणीतरी डबा लपवतो, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो आणि लोक मोबाइल हातात धरून तो शोधत येतात. डब्यात कागद असतो, त्यावर आपलं नाव लिहायचं. वाटलं तर आतली एखादी बारीकसारीक वस्तू घ्यायची, बदल्यात आपली ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून निघायचं. जिओकॅशिंग म्हणतात. मी त्या मंडळींना डबेशोधे म्हणते. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. शहाणीसुरती माणसं चिखलात गुडघे टेकतात आणि प्लास्टिकचा डबा हाती लागला की खुशीत घरी जातात. मला हा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. पण आमचा मुलगा रसेल आणि डेस, जे जेवणाच्या टेबलावर चार शब्द बोलायचे नाहीत, ते रविवारी डबे शोधून आले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गप्पा मारत राहायचे, बुटांचा चिखल माझ्या फरशीवर. म्हणून मी काही बोलले नाही.

त्यांचा स्वतःचा डबा होता कोंडवाड्यात. पुलाजवळ गावाचा जुना कोंडवाडा आहे, मोकाट गुरं कोंडायचा. आता गुरं नाहीत आणि मोकाट तर गावात काहीच उरलेलं नाही. गोल भिंत आहे, चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेली, आणि मध्ये एक बाक. गुडघ्याच्या उंचीवर त्या भिंतीतला एक दगड निघतो, त्यामागे कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक आहे. तिथे बापलेकांनी मिळून डबा ठेवला, तेव्हा रसेल विशीत होता.

कोंडवाड्याच्या समोरचं घर डेसच्या आईचं. म्हातारीच्या मागे ते रसेलला मिळणार असं सगळ्यांनी धरलेलं. रसेलने लग्नाची मुलगी आणून तिला ते दाखवलंही होतं. स्वयंपाकघरात खिडकीखाली पाळणा ठेवायचा इथपर्यंत दोघांचं ठरलं होतं. आणि डेसने घर विकलं. लंडनच्या माणसांनी भावच असा सांगितला की त्याचे डोळे फिरले. मला विचारलं नाही. रसेलला तर दारात विक्रीची पाटी लागली तेव्हा कळलं. त्यानंतर बापलेकांत जे बोलणं झालं ते मी सांगणार नाही, ऐकलं ते पुरे आहे. मुलगी गेली, मग रसेल न्यूझीलंडला गेला. घर घेतलं मिसेस हॅविलंडनी. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाचा इतिहास आम्हालाच सांगणार.

डेसला पस्तावा झाला का? झाला. तोंडाने म्हणाला का? नाव नको. रसेल मला फोन करायचा, आणि डेसने उचलला तर ठेवून द्यायचा. खाण तशी माती. अशी बारा वर्षं गेली.

मग ते नाणं निघालं. या खेळात प्रवासी नाणी असतात, प्रत्येकावर नंबर कोरलेला. नाणं कुठे पोचवायचं ते मालकाने इंटरनेटवर लिहायचं, आणि डबेशोध्यांनी ते एका डब्यातून उचलून पुढच्या वाटेवरच्या डब्यात ठेवायचं. स्वतःकडे कोणी ठेवून घ्यायचं नाही. रसेलने तिकडच्या एका डब्यात असं नाणं सोडलं आणि लिहिलं, 'हे इंग्लंडात हॅझलकोटच्या कोंडवाड्यातल्या डब्यात पोचवा. तिथून ते फक्त माझ्या बापाने उचलावं.'

डेसने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं.

"पोराने हात पुढे केलाय," तो म्हणाला.

"मग फोन कर," मी म्हटलं.

"फोनवर काय बोलू? नाणं उचलीन आणि तिथे लिहीन, सापडलं म्हणून. त्याला कळेल."

मी डोक्याला हात लावला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ. पण त्या दिवसापासून त्याची सकाळ बदलली. चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचा, नाणं कुठवर आलं ते बघायला. जपानमध्ये कुठल्याशा देवळाच्या पायरीखाली ते सबंध हिवाळा पडून राहिलं, तर हा इथे तळमळत. एका जर्मन जोडप्याने ते पोर्तुगालला नेलं. तिथून कुणीतरी स्कॉटलंडला, म्हणजे आमच्या डोक्यावरून पलीकडे. त्या माणसाला डेसने ज्या शिव्या दिल्या त्या चर्चच्या इतक्या जवळ कोणी देऊ नयेत. तीन वर्षं हे चाललं. तेवढ्या काळात त्याची छाती पार गेली. नाकात नळी आली, नळीच्या टोकाला चाकांच्या गाडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर. नाणं जवळ येत होतं आणि डेस दुसरीकडे निघाला होता. दोघांतलं कोण आधी पोचतंय एवढंच मी बघत होते.

जूनमध्ये नाणं जॅनिस नावाच्या बाईच्या हाती लागलं. पलीकडच्या गावात पूर्वी बस चालवायची, आता डबे शोधते. तिने डेसला लिहिलं की तुमची तब्येत बरी नाही असं ऐकते, मी नाणं घरीच आणून देते, चहाही होईल. किती शहाणी बाई. डेसने तिला कळवलं, आभारी आहे, डब्यात ठेव.

मी भडकले. म्हटलं, दारात येतंय तर घे ना, कोण बघणार आहे.

"दारात आणून दिलं तर ते पार्सल झालं, बेरिल," तो म्हणाला. मध्ये थांबून दोन श्वास घेतले. "पोराने डब्यातून उचलायला सांगितलंय."

जॅनिसने गुरुवारी संध्याकाळी नाणं डब्यात ठेवलं आणि तसं इंटरनेटवर लिहिलं. म्हणजे ते डेसला कळलं त्याच वेळी तिकडे रसेललाही कळलं. शुक्रवारी डेसला इतकी धाप लागली की अंथरुणातून उठवेना. शनिवारी बघते तर हा दाढी करून, टाय लावून बसलेला.

"टाय कशाला?" मी विचारलं. "भिंतीत हात घालायला?"

"पाहुणा आलाय," तो म्हणाला.

त्या शनिवारीच 'सर्वात नीटनेटकं गाव' स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. ते आमच्या लक्षातही नव्हतं. मी सिलिंडरची गाडी ओढत होते आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. कुंपण आलं की थांबायचा, फाटक आलं की थांबायचा. रस्ता मात्र आरशासारखा. कचऱ्याचे डबे परसात लपवलेले, दोरीवर एक मोजा नाही. रोज आमच्या दारात लोळणारं बेकरीवाल्याचं कुत्रंसुद्धा कुणीतरी घरात कोंडलेलं.

कोंडवाड्यात पोचल्यावर त्याने गुडघे टेकले. मी धरायला गेले तर नको म्हणाला. दगड काढला, हात आत घातला. मी त्याच्या पाठीमागे उभी होते, मला चेहरा दिसत नव्हता. हात कोपरापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तो काढला, बाही वर सारली आणि पुन्हा घातला.

"मागे सरकला असेल," तो म्हणाला.

मी वाकून माझा हात घातला. आत काही नव्हतं. डबा नव्हताच, पण माती नाही, वाळलेलं पान नाही, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. भोक आतून झाडून काढलेलं होतं.

तेवढ्यात परीक्षक आले. पनामा टोपी घातलेले एक गृहस्थ, त्यांच्याबरोबर फोटो काढणारी मुलगी, आणि पुढे मिसेस हॅविलंड. नाकात नळी घातलेला म्हातारा कोंडवाड्यात गुडघ्यांवर बसलेला पाहून बाईंचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या की आजच्या दिवस डेसला घरी बसवायला हवं होतं. पण टोपीवाल्यांना तो आवडला. काय करताय म्हणून त्यांनी विचारलं. डेसला उत्तर द्यायला श्वास नव्हता, आणि मी त्याला काखेत धरून सावरत होते. उत्तर बाईंनी दिलं.

"आमचे डेस. या जुन्या भिंतींची निगा तेच राखतात. पिढ्यान्पिढ्यांचं काम आहे त्यांचं."

मुलीने मागून फोटो काढला. डेसने परत हात आत घातला होता.

त्या संध्याकाळी त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. गाडीत तो मला सांगत होता की इंटरनेटवर लिही, डबा हरवलाय, नवा ठेवतोय, नाहीतर बंद करतील. या खेळात डबा ज्याचा त्याने त्याची काळजी घ्यायची असते, आणि लोकांच्या तक्रारींना मालकाने उत्तर दिलं नाही तर वरची मंडळी डबा बंद करून टाकतात. लिहिते म्हणाले. पण लिहायचं तर त्याचा पासवर्ड हवा, आणि तो मी विचारायच्या आत तोंडावर मास्क चढला. त्यानंतर डेस नीट बोललाच नाही.

सोमवारी मी मिसेस हॅविलंडकडे गेले. त्यांनी मला माझ्या सासूच्या स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीखाली वाइनच्या बाटल्यांची मांडणी ठेवलीय. मी विचारलं, डबा कुठे आहे.

"तो प्लास्टिकचा? अगं, मला वाटलं सहलीवाल्यांनी टाकलेला कचरा. आत ओला कागद, एक रबरी बदक आणि कसलीशी चकती होती. शुक्रवारी माळ्याने सगळं एकदमच टाकून दिलं."

"झाकणावर लिहिलेलं होतं, हा खेळाचा डबा आहे, परत जागेवर ठेवा म्हणून."

"मी चष्मा नेला नव्हता."

"गेल्या वर्षी तुम्हीच डेसला म्हणाला होतात तो काढा म्हणून. लोक तुमची फुलं तुडवतात म्हणालात. तेव्हा तो कचरा नव्हता."

बाईंनी कप खाली ठेवला. "बेरिल, तुला त्रास झाला, मी समजू शकते. पण आपण जे करतो ते गावासाठीच करतो ना?"

मला त्या बाईचा भयंकर राग आला. शिव्या देऊन आले असते तर बरं झालं असतं. मी चहा तसाच ठेवून उठले आणि बस पकडून कचरा डेपोवर गेले. तिथली माणसं चांगली होती. त्यांनी मला दाबून गठ्ठे केलेला कचरा दाखवला, घराएवढा, आणि एक जण म्हणाला की आजी, एवढ्या गठ्ठ्यांत आता काय शोधणार.

रसेलला मी सगळं फोनवर सांगितलं. डबा, बाई, माळी, सिलिंडर, सगळं.

"आई, तू आयुष्यभर त्याची बाजू झाकत आलीस," तो म्हणाला. "माझं नाणं अर्धं जग फिरून त्याच्या दाराशी आलं. त्याला पुलापर्यंत जायला जमलं नाही. आणि आता डबाच गायब झाला म्हणतेस, नेमका त्याच दिवशी?"

"अरे, त्याला श्वास घेता येत नाही."

"मी इथे आलो तेव्हापासून तू हेच सांगतेयस, त्याची तब्येत बरी नाही म्हणून."

खरं होतं ते. दोघांना बोलतं करायला मी पंधरा वर्षं डेसची दुखणी वाढवून सांगत आले होते. आता खरं दुखणं आलं तर त्याला कोणी विचारेना.

उन्हाळाभर डेस पडून होता. तिकडे डबेशोधे कोंडवाड्यात येत होते आणि लिहून जात होते की डबा सापडत नाही. जॅनिस मला ते वाचून दाखवायची. तिने वरच्या मंडळींना कळवलंही, पण ती मालक नव्हती आणि मीही नव्हते. ऑगस्टमध्ये डेसच्या डब्यावर काट मारली गेली, खाली एक ओळ आली: 'मालकाकडून काहीही उत्तर नाही. डबा कायमचा बंद.' रसेलने ती वाचली असणारच. मालकाकडून उत्तर नाही. त्यापुढे त्याच्या आईचं कोण ऐकणार? महिन्याच्या शेवटी डेस गेला. रसेल आला नाही. त्याने फुलं पाठवली, चांगली महाग होती.

आमच्या गावाला पहिलं बक्षीस मिळालं. पाटी आली, पितळी. ती कुठे लावायची यावर समितीत चर्चा झाली म्हणे. कोंडवाड्याच्या भिंतीत एक सैल दगड होता, मागे आयती पोकळी होती, तिथेच चुना भरून पाटी घट्ट बसवली. समारंभाला मला पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली होती. मी कपडे धुवायला काढले आणि दोरीवर भरपूर वाळत घातले.

डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये नाताळची जत्रा भरली. मिसेस हॅविलंडच्या टेबलावर गावाचं नवं कॅलेंडर विकायला होतं. मी उगाच पानं चाळत होते. ऑक्टोबरवर डेस निघाला. पाठमोरा, गुडघ्यांवर, टाय खांद्यावरून पाठीवर टाकलेला, बाही वर सारलेली, हात कोपरापर्यंत भिंतीत. शेजारचा सिलिंडर कापून टाकला होता, मीही कापली गेले होते, खांद्याजवळ माझी दोन बोटं तेवढी राहिली होती. खाली लिहिलं होतं, 'जुन्या भिंतीची निगा राखणारा ग्रामस्थ'. नावसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, तुझ्यासाठी एक प्रत फुकट, डेसची आठवण म्हणून. मी पैसे टेबलावर ठेवले आणि दोन प्रती घेतल्या. त्यातली एक न्यूझीलंडला पाठवली. बरोबर चिठ्ठी घातली नाही.

जानेवारीत फोन आला. तो आधी तिकडच्या उन्हाविषयी बोलला. मी हं हं करत राहिले.

"आई," मग तो म्हणाला, "त्याच्या कानामागे ती नळी कसली आहे?"

"ऑक्सिजनची."

"आणि टाय घातलाय."

"पाहुणा आलाय म्हणाला."

मग तो रडायला लागला, एवढा मोठा पन्नाशीकडे आलेला माणूस. मी त्याची आई आहे, मी समजूत काढायला हवी होती. पण माझ्या मनात मायेचा शब्द येईना. याला माझा शब्द पुरला नाही, त्या बाईचा फोटो पुरला.

"तू मला नीट सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं, रसेल."

तो म्हणाला की मी येतो, पुढच्या महिन्यात येतो, नवं नाणं करून आणतो आणि बाबांसाठी त्याच जागी ठेवतो.

"ये," मी म्हटलं. "पण नाणं आणू नकोस. ते भोक त्यांनी बुजवलंय."